दान आणि समभाव



तीर्थक्षेत्री यावे, देवदर्शन घ्यावे आणि यथाशक्ती दान करावे, ही आपली पूर्वापार परंपरा आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन भेद सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून दिलेले ते राजस. आणि अनादराने, अवहेलनेने दिलेले ते तामस होय. यातील तिसरा भेद विशेष मननीय आहे. द्रव्य तेच, अन्नही तेच. परंतु घेणाऱ्याचा मान राखला गेला नाही, तर त्या दानातील सत्त्व नाहीसे होते.

श्रीसंत चोखामेळा यांची समाधी पंढरपुरी श्रीविठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे. त्यांच्या समाजबांधवांना मात्र पुढे कित्येक शतके त्या द्वाराच्या आत पाऊल ठेवता आले नाही. वाट एक, नाम एक. तरी निवारा सर्वांना सारखा मिळत नसे. हे दुःख जाणून श्रीसंत गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. अंगावर चिंध्या आणि हाती खराटा घेऊन हिंडणाऱ्या या सत्पुरुषाने लोकांकडून आलेला पैसा लोकांच्याच सेवेस लावला. स्वतःसाठी काही ठेवले नाही. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अन्नाने आजची भूक भागते, विद्येने उद्याची लाचारी टळते, हे बाबांनी ओळखले होते.

१९४७ साली श्रीविठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे, म्हणून पूज्य साने गुरुजींनी पंढरपुरी १ मे रोजी उपोषण आरंभिले. विरोध तीव्र होता. अशा प्रसंगी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. १० मे रोजी उपोषण सुटले आणि सर्वांचा दर्शनाचा मार्ग मोकळा झाला. कलहाच्या काळी सत्याग्रही पाहुण्यास दिलेला आसरा हेही मोठे दानच होय.

भाविकहो, भांडण दिसत नाही एवढ्यावरून शांती नांदते असे मानू नये. दाराबाहेर थांबविलेला मनुष्य मुकाट्याने उभा असतो, म्हणून आतील घंटानादाला शांती म्हणता येत नाही. न्यायाचा आधार असेल तरच शांती टिकते. आणि आपल्या गावात कोण उपाशी निजतो, कोणाच्या लेकरांची शाळा सुटली, कोणत्या वस्तीस पाणी पोहोचत नाही, हे गावच्या दात्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

म्हणून दान करताना प्रत्येकाने मनाशी तीन प्रश्न विचारावेत. माझ्या अन्नदानाच्या पंक्तीत सर्वजण एकत्र बसतात काय? माझ्या देणगीने कोणी कायमचा स्वावलंबी होतो काय? आणि माझ्या नावाच्या पाटीपेक्षा घेणाऱ्याचा मान मला मोठा वाटतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर पंक्तीची मांडणी बदलावी. दुसऱ्याचे तसे आले, तर एखाद्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार उचलावा. तिसऱ्याचे तसे आले, तर गुप्तदान करावे. देणगीची रीतसर पावती घ्यावी आणि तिचा विनियोग कसा झाला, याची चौकशीही निःसंकोच करावी. तो दात्याचा अधिकार आहे आणि विश्वस्तांच्या शुचितेचे रक्षणही त्यानेच होते.

येथून परतताना प्रसादाबरोबर हा समभावही आपण घरी न्यावा आणि आपल्या गावी तो आचरणात आणावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥