ज्योत आणि तळहात

पोखर्णीच्या नृसिंहाच्या देवळांत सांजवेळीं दिवा लागला कीं आम्हांस त्या देवाची कथा हटकून आठवते. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नव्हतें, रात्रींही नव्हतें. देवाला दोहोंमधली वेळ शोधावी लागली. विजेच्या दिव्यांनीं दिवस-रात्रींची ती सीमा आज पुसत आणली आहे. त्यापायीं जे जीव नाडले गेले, त्यांत आमच्या परभणीकडे कधींही न दिसणारा एक समुद्रपक्षी आहे.

हवाई द्वीपसमूहांतील कवाई बेटावर न्यूएलचा शिअरवॉटर नांवाचा पक्षी डोंगरांतील बिळांत अंडें घालतो व तेथें अंधारांतच ये-जा करतो. शरदांत त्याचें पिलूं प्रथम उडतें तें रात्रीं, समुद्राकडे. वाटेंत गांवचे दिवे लागले कीं तें भांबावून घिरट्या घालतें, थकून खालीं पडतें. आणि सपाट जमिनीवरून त्याला सहसा पुन्हां उडतां येत नाहीं. अशीं पिलें उचलून समुद्रावर सोडण्याचें काम तेथें १९७९ पासून चालू आहे.

आतां चित्रकारानें याचें काय करावें? दिव्याभोंवतीं फिरणारा जीव दिसला कीं आपली कविता त्याला लागलीच प्रेमिक ठरविते. पतंगाच्या मरणावर किती मैफली रंगल्या! पण तें पिलूं दिव्यावर भाळलेलें नसतें, फसलेलें असतें. त्याच्या घिरट्यांना आत्मार्पण म्हणून रंगविणें ही आमच्या मतें लबाडी होय. ऑड्युबॉननें पक्षी मारून, तारांनीं बांधून चितारले. पण आपलें मरण त्यांनींच मागितलें, असें कांहीं तो म्हणाला नाहीं.

तरीही रॉकेलच्या चिमणीवर शिकलेल्या मराठवाड्याला अंधाराची थोरवी सांगावयाची म्हणजे जीभ अडखळते. सावंतवाडीस १८८२ सालीं जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचें एक जलरंगी चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत आहे. (पुष्कळांनीं तें रविवर्म्याचें समजून वाखाणलें!) स्वतःच्या कन्येस समोर उभी करून काढलेल्या त्या चित्रांत स्त्रीनें ज्योतीपुढें तळहात धरला आहे, बोटांमधून तांबूस प्रभा येते, चेहरा उजळतो, बाकीचा काळोख जागच्या जागीं राहतो. कवाईवरही दिव्यांचा वर जाणारा उजेड झांकून पाहिला, तेव्हां पक्ष्यांचें त्यांकडे ओढलें जाणें सुमारें ४० टक्क्यांनीं घटलें. तो अभ्यास १९८५ सालीं प्रसिद्ध झाला.

आमच्या अंगणांतील दिव्याला मात्र अजून झांकण नाहीं. पावसाळ्यांत सकाळीं त्याच्याखालीं पंखांचा खच झाडावा लागतो.