दृश्य आणि सत्य : सेझानचा समुद्र व ज्ञानदेवांचा चिद्विलास

उन्हात दिसणारे जग हे सत्याचे रूप मानावे की सत्यावरचे आवरण, हा वेदान्तातील जुना प्रश्न पॉल सेझान (१८३९–१९०६) या फ्रेंच चित्रकाराच्या एका निसर्गचित्रापुढे फार नेमकेपणाने उभा राहतो. मार्सेजवळच्या लेस्ताक गावातून दिसणारे आखात त्याने १८८५च्या सुमारास रंगवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील या चित्रात तांबूस कौले, एक धुरांडे, पलीकडे निळा समुद्र आणि क्षितिजाशी डोंगर आहेत.

पालटत्या प्रकाशाचा क्षण टिपणाऱ्या चित्रपद्धतीला दृक्प्रत्ययवाद म्हणतात, आणि तिच्यातून पुढे जाऊन क्षणापलीकडची घडण शोधणारे सेझानप्रभृती चित्रकार उत्तर-दृक्प्रत्ययवादी ठरतात. १८७६ साली लेस्ताकहून पिसारो या चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात सेझानने नोंदवले आहे, की तेथील प्रखर उन्हात वस्तूंचा उठाव मावळतो आणि त्यांच्या नुसत्या रंगीत आकृती उरतात. जे दाखवते तेच ऊन घनताही हिरावते, हा पेच त्याने छायेचा आश्रय न घेता सोडवला. रंगाशेजारी रंग ठेवत त्याने समुद्राला भिंतीसारखा भरीवपणा दिला, म्हणजे दृश्याचे सत्त्व दृश्यातच शोधले.

शांकर अद्वैतात दोरीवर साप भासावा तसे जग अज्ञानामुळे ब्रह्मावर भासते. ज्ञानदेवांनी मात्र ‘अमृतानुभवा’त या अज्ञानाचेच खंडन केले; त्यांच्या मते द्रष्टा, म्हणजे पाहणारा, आणि दृश्य, म्हणजे पाहिले जाणारे, ही एकाच चैतन्याची रूपे असून जग हा त्याचा सहज विलास आहे, आणि म्हणून या मताला चिद्विलासवाद म्हणतात. सेझान वेदान्ती नव्हता आणि चित्राने सिद्धान्त सिद्ध होत नाही. तरीही दृश्य बाजूला न सारता त्याच्यापाशी थांबण्याची त्याची निष्ठा या विचाराला जवळची आहे.

या विचाराची कसोटी डोंबिवलीसारख्या शहरात लागते, कारण तेथे एका अंगाला उल्हास नदीची खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीची धुरांडी आहेत. दृश्य हा चैतन्याचाच विलास मानला, तर खाडीवरचे ऊन तेवढे पवित्र ठरवून धूर वगळता येत नाही, आणि मळलेल्या पाण्याला माया म्हणून त्याच्याकडे पाठही फिरवता येत नाही. सेझानने धुरांडे चित्रात ठेवले, तसे ते दृष्टीतही ठेवावे लागते. जग खरे मानणाऱ्यावर त्याची काळजी वाहण्याचे कर्तव्यही येते.