ओळखीचा खुनी

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. ते करणारे अभिनव कला महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पाचवा, सुहास चांडक, माफीचा साक्षीदार झाला.

‘माफीचा साक्षीदार’ हेच नाव घेऊन या खुनांवरचा राजदत्त यांचा चित्रपट १९८६ साली आला आणि टोळीचा म्होरक्या रंगवला नाना पाटेकर यांनी. नाना स्वतः मुंबईच्या जे. जे. कला संस्थेतून उपयोजित कला शिकलेले. कागद, रंग, ब्रश आणि कॉलेजच्या कट्ट्यावरच्या गप्पा हे सगळे त्यांच्याही तरुणपणात होतेच. म्हणून या भूमिकेचा विचार करताना अंगावर काटा येतो. नटाला त्या खुन्यापर्यंत जायला फार लांबचा रस्ता नव्हता.

अशा भूमिकेत झोकून देणे म्हणजे डोळे लाल करणे नव्हे. राक्षस उभा करणे सोपे असते आणि प्रेक्षकालाही ते बरे वाटते, कारण राक्षस आपल्या आळीत राहत नाही. पण मानवतचे काय? परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात १९७२ पासून बायकांचे आणि लहान मुलींचे खून पडत गेले, गुप्तधन आणि अपत्याच्या लालसेपोटी. त्या प्रकरणावरून अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ हा चित्रपट केला आणि त्यातली काळी भूमिका स्वतःकडे घेतली. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’मधला हा साधा, लाजरा नायक! त्याच ओळखीच्या चेहऱ्यामागे क्रौर्य दिसते, तेव्हा ते जास्त बोचते. २०२४ च्या ‘मानवत मर्डर्स’ या वेबमालिकेत मकरंद अनासपुरे यांच्याबाबतीतही तेच घडते. मराठवाडी बोलीतून आजवर हसवणारा हा माणूस इथे हसवत नाही.

येवल्यासारख्या तालुक्याच्या गावाला हे चटकन कळेल. पैठणीच्या मागावर बसणाऱ्याला शेजारच्या घरच्या तीन पिढ्या ठाऊक असतात. तिथे गुन्हेगार निघाला तर त्याच्या बापाचेही नाव सगळ्यांना माहीत असते; ‘कुठून आला कोण जाणे’ म्हणायची सोयच नसते. नटाने पोहोचायचे ते इथवर.

या निष्ठेत एक धोका मात्र आहे. नट जितका ताकदीचा, तितका खुनी लक्षात राहतो आणि मेलेली माणसे मागे पडतात. जक्कल हे नाव आजही पुणेकरांच्या तोंडी आहे. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात मारल्या गेलेल्या पाच जणांत ८८ वर्षांचे काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे हे पंडित. तो कोश १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक तो आजही उघडतात. खुन्याच्या मनाचा तळ गाठण्यासाठी नट जेवढे कष्ट घेतो, तेवढेच कष्ट घेऊन हा म्हातारा विद्वान कुणीतरी पडद्यावर उभा करायला हवा: त्याचे टेबल, त्याच्या नोंदी आणि त्या रात्री घरात असलेली नातवंडे.