सुहृद कोणास म्हणावे?

ज्या मार्गात अनुसरलेल्या पुरुषास स्वदेश सोडावयास सांगितले, गाव सोडावयास सांगितले आणि आप्तांचा पाश तर विशेषेकरून टाकावयास सांगितला, त्या मार्गात मैत्रीचे निरूपण कशासाठी, अशी शंका वासनिक मंडळींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शंका क्षुल्लक नाही. अटन, विजन आणि भिक्षा या क्रमाने जगणाऱ्या साधनवंताला मित्र असावा काय? आणि संसारात राहून नामस्मरण करणाऱ्या गृहस्थाचा जो मित्र असतो, तो त्यास परमेश्वराकडे नेतो की परमेश्वरापासून दूर ओढतो?

उत्तर देण्यापूर्वी एक विवेक करावा लागतो. लोक ज्यास मैत्री म्हणतात तिच्यात दोन भिन्न वस्तू मिसळलेल्या असतात. एकीस तो माणूस हवा असतो. त्याचा सहवास, त्याची वाहवा, त्याचे साहाय्य हवे असते. दुसरीस त्या माणसाचे हित हवे असते, मग त्यासाठी त्याचा सहवास गमवावा लागला तरी चालेल. पहिली ती आसक्ती, आणि शास्त्राने तिचाच त्याग सांगितला. दुसरीचा त्याग शास्त्राने सांगितल्याचे दिसत नाही.

अन्य तत्त्वज्ञांनीही हा भेद आपापल्या परीने ओळखला होता. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने उपयोगासाठी जडलेली, सुखासाठी जडलेली आणि सद्गुणावर उभी असलेली अशी मैत्रीची त्रिविध मांडणी केली व पहिल्या दोन अल्पजीवी ठरविल्या. पतंजलींनी मैत्रीचा विषय म्हणून सुखी मनुष्य सांगितला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुःखितासाठी त्यांनी करुणा वेगळी ठेवली. दुसऱ्याच्या दुःखाने द्रवणे सोपे; दुसऱ्याचे सुख पाहून मत्सर न होणे, ही कसोटी अधिक कठीण. भर्तृहरीने सन्मित्राची जी लक्षणे दिली त्यांत पापापासून परावृत्त करणे हे अग्रस्थानी आहे. आणि मित्राचे गुह्य झाकून ठेवणे हेही त्याच यादीत आहे. ही दोन्ही एकत्र कशी सांभाळावयाची, येथेच बहुतेक मैत्र्यांची परीक्षा होते.

श्रीकृष्ण भगवंतांनी अर्जुनास हे पुरातन ज्ञान का सांगितले, याचे कारण गीतेच्या चौथ्या अध्यायात त्यांनीच दिले आहे: अर्जुन भक्त आहे आणि सखाही आहे. पुढे अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन थरकापला. खेळताना, निजताना, जेवताना आपण यांस सख्या म्हणून हाका मारल्या, थट्टा केली, याची त्यास लाज वाटली आणि तो क्षमा मागू लागला. भगवंतांनी त्याचे भय घालविले व पुन्हा सौम्य मानुष रूप धारण केले. पूर्वीचे सख्य चुकीचे होते असे ते कोठेही म्हणाले नाहीत. जीव आणि परमेश्वर हे नित्य भिन्न पदार्थ आहेत असे ज्यांचे शास्त्र सांगते, त्यांस तर हे सहज उमगावे. दोघे नसतील तर सख्य कोणाचे कोणाशी? अखेर अठराव्या अध्यायात सर्व उपदेश झाल्यावर भगवंत म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. ज्याने रथ हाकला, ज्याने विश्वरूप दाखविले, त्याने निर्णय मात्र मित्राच्या हाती ठेवला.

याहून विलक्षण प्रसंग उद्धवदेवांचा आहे. यादवकुळाचा अंत समीप आला असता उद्धव आपणांसही बरोबर न्यावे अशी प्रार्थना करतात. उत्तर मिळते ते निरोपाचे: स्वजनांचा स्नेह सोड, समदृष्टीने पृथ्वीवर हिंड, आणि शेवटी बदरिकाश्रमाची वाट. ज्यास सोडून राहवत नाही त्याच सख्यास दूर पाठविले. उद्धवाचे डोळे भरून आले, पाय निघेना. तरी तो गेला. येथे आसक्ती तुटली आणि मैत्री राहिली.

भास्करभट्ट बोरीकरांनी हाच एकादश स्कंधाचा विषय मराठीत आणला. तो त्यांच्याकडे कसा आला, याची मार्गात सांगितली जाणारी कथा मैत्रीचीच आहे. कवीश्वरांनी प्रथम ‘शिशुपाळवध’ रचला. काव्य सरस, पण शृंगाराने भरलेले. गुरुबंधूंनी ते ऐकले, ग्रंथ चांगला झाला हे मोकळेपणाने मान्य केले, आणि निवृत्तांच्या उपयोगाचा मात्र नाही असेही सांगितले. नव्या ग्रंथाचा कर्ता समोर बसला असता असे बोलणे किती अवघड असते, हे ज्यांनी चार ओळी लिहिल्या आहेत त्यांस ठाऊक असेल. कवीश्वर रागावले नाहीत. त्यांनी ‘उद्धवगीता’ रचली. दोष सांगितला गेला तो समोर, ग्रंथकाराच्याच कानावर. आणि गुण आधी सांगून.

पुणे शहरातील सदाशिव पेठेत विंचूरकरांचा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लोकमान्य टिळक तेथे राहत असत. त्यांची आणि गोपाळ गणेश आगरकरांची मैत्री महाराष्ट्रास सुपरिचित आहे. उभयतांचा मार्गाशी संबंध नाही, तरी प्रस्तुत विषयास इतके उघडे उदाहरण दुसरे क्वचित मिळेल. दोघेही 1856 च्या जुलैतले, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. डेक्कन कॉलेजात त्यांनी देशकार्याचे बेत केले, 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसमवेत न्यू इंग्लिश स्कूल काढले, 1881 मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू केले. कोल्हापूर प्रकरणी 1882 मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, आणि तेथेही त्यांचे वाद चालूच राहिले. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा तो वाद. तुरुंगात त्याने मैत्री तुटली नाही. बाहेर आल्यावर, वर्तमानपत्र व संस्था हाती असताना, ती तुटली. 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. 1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले.

यात मतभेदाला दोष देता येत नाही. उलट, मित्राचे प्रेम टिकावे म्हणून आपणांस दिसलेले सत्य यांपैकी एकानेही झाकले नाही, हा त्यांचा मोठेपणाच होय. उणेपणा दुसरीकडे आहे. जे कोठडीत दोघांनीच बोलावयाचे ते पुढे छापील स्तंभांतून, गावाच्या देखत, कठोर शब्दांत बोलले गेले. पापापासून परावृत्त करण्याची ऊर्मी उरली आणि झाकण्याचे व्रत सुटले. 17 जून 1895 रोजी आगरकर निवर्तले, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला, आणि मृत्यूच्या उग्रतेपुढे मतभेद मागे पडून जुन्या आठवणी पुढे येतात, अशा आशयाचे उद्गार त्यात काढले. लेख हृदयस्पर्शी आहे यात संशय नाही. पण ज्याने तो वाचावयाचा तो गेला होता.

आपल्या ज्ञातीतील, आपल्या आश्रमातील एखादा सोबती आचारात ढिला पडलेला दिसतो. त्याविषयी दहा ठिकाणी बोलणे होते. त्याच्याशी होत नाही. किंवा अगदी उलट घडते: त्याचे मन दुखेल म्हणून कोणीच काही बोलत नाही, आणि या मौनाला स्नेह असे नाव दिले जाते. गुरुबंधूंनी कवीश्वरांसाठी जे केले ते या दोहोंपैकी कोणतेच नव्हते.

श्रीचक्रधर स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभट्टांनी लीळा मिळविण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांस नागदेवाचार्यांचा आधार होता. म्हाइंभट्ट मूळचे विद्येचा अभिमान वाहणारे, वाद करावयास आलेले पंडित. तेच पुढे ज्याने लीळा पाहिली त्या प्रत्येकाकडे जाऊन ऐकू लागले. नागदेवाचार्य त्या तपासून घेत. एकाची स्मृती आणि एकाची लेखणी अशी ती जोडी होती. पुढे मूळ प्रत हरवली व स्मरणातून ‘लीळाचरित्र’ पुन्हा सिद्ध करावे लागले, तेव्हा आठवणी सर्वत्र एकसारख्या निघाल्या नाहीत. कोणा एकाचे खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकणे शक्य होते. पोथ्यांत तसे झालेले नाही. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे नामनिर्देश करून भिन्न आठवणी एकाच लीळेखाली शेजारी शेजारी नोंदविलेल्या आजही वाचावयास मिळतात.