हेडरची किंमत

जेफ ॲसल हा वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा आघाडीचा खेळाडू. १९६८च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच, पण त्याची ख्याती होती ती हेडरसाठी. २००२च्या जानेवारीत तो ५९व्या वर्षी गेला, स्मृतिभ्रंशाने पुरता पोखरलेला. त्याच्या मृत्यूची न्यायिक चौकशी झाली आणि निकाल लागला: व्यवसायातून जडलेला रोग. चेंडू वर्षानुवर्षे डोक्याने मारून मेंदू झिजला होता.

यावर ठरलेलं उत्तर असं की, तेव्हाचा चेंडू चामड्याचा, पाणी पिऊन जड व्हायचा. आता तसं राहिलं नाही. चिखलात भिजलेला, दोरीने आवळलेला तो चेंडू जड व्हायचा हे खरंच. पण कोरड्या चेंडूचं नियमातलं वजन तेव्हा होतं तेच आजही आहे, ४१० ते ४५० ग्रॅमच्या आसपास. आणि आजचा चेंडू भिजत नाही, पण येतो मात्र सुसाट. तो निर्धोक असता तर इंग्लंडने २०२१ साली व्यावसायिक खेळाडूंना सरावात आठवड्याला दहाच जोरकस हेडर मारा, असं कशाला सांगितलं असतं?

ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या चमूने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ साली निष्कर्ष आले. हृदयविकाराने हे लोक इतरांपेक्षा कमी मेले. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनी मात्र साडेतीनपट जास्त. पुढे जागेनुसार पाहिलं, तर सर्वाधिक धोका बचावपटूंना, सुमारे पाचपट. गोलरक्षकांमध्ये ठळक वाढ दिसली नाही. कार्यकारणभाव याने सिद्ध होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण गोलरक्षकही झेपावतो, आपटतो, इतरांवर धडकतो. तो करत नाही ते एकच, हेडर.

आपल्या नजरेत भरते ती टक्कर. २०१४च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रॅमरच्या डोक्याला जबर धक्का बसला. तरी तो खेळत राहिला आणि पंचांनाच विचारू लागला की, हा अंतिम सामना आहे का? तेव्हा कुठे त्याला बाहेर काढलं. अशा प्रसंगांमुळे मेंदूच्या धक्क्यासाठी जादा बदली खेळाडूचा नियम आला, ते उत्तमच झालं. पण ॲसलला कुठल्या एका टकरीने नेलं नाही. रोजच्या सरावाने नेलं, आणि त्यावर शिट्टी वाजत नाही.

१९६६च्या जगज्जेत्या इंग्लंड संघातले रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि चार्लटन बंधू, एकाच संघातल्या पाच जणांना स्मृतिभ्रंशाने ग्रासलं. एवढं डोळ्यांसमोर असताना अंतिम पुराव्याची वाट पाहणं मला क्रूरपणाचं वाटतं.

इंग्लंड आणि स्कॉटलंडने २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर वगळला. कोल्हापूरच्या तालीम संघांना, मुंबई-गोव्यातल्या प्रशिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वरून आदेश येण्याची वाट पाहू नका. दहा वर्षांच्या पोराला चेंडू पायाने खेळायला शिकवा. हेडर मोठेपणी शिकता येतो.