मौनाची मर्यादा

गर्भ राहिल्याची वार्ता तीन महिने भरल्याशिवाय बाहेर फोडूं नये, दृष्ट लागते, अशी शिकवण आपल्या घरांतून चालत आली आहे. तिच्या मुळाशीं माया आहे, हें आम्हांस मान्य आहे; गर्भ गळण्याचें भयहि ह्याच दिवसांत अधिक. परंतु मेंदू व मज्जारज्जू ज्या नळींतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारें २८ दिवसांतच मिटते. चौथ्या महिन्यांत सुरू केलेली फोलिक आम्लाची गोळी त्या कामीं येत नाहीं. पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आंत व्हावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं सांगितलें आहे. शेजारणीपाशीं मौन खुशाल पाळावें. डॉक्टरापाशीं पाळणें हा माता व गर्भ ह्या दोघांवर अन्याय होय. मात्र दोष एकट्या सुनेच्या माथीं मारणें आम्हांस पटत नाहीं. वडील माणसें गप्प असतां तिनें तोंड उघडावें कसें? पहिला शब्द सासूनें काढावा, व दवाखान्यांत सोबत मुलाला धाडावें.