आईबाबा दिवसभर करतात काय?

दहावीचा निकाल लागला की घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मग, पुढे काय?" मुलं ठरलेली उत्तरं देतात. सायन्स घेणार, इंजिनीअर होणार, यूपीएससी करणार. त्यांना पदांची नावं ठाऊक असतात. त्या पदावरच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे सहसा कुणी सांगितलेलंच नसतं.

ही माहिती खरं तर घरातच असते. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, एवढंच तिच्या मुलीला माहीत असतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेलं असतं, करड्या टोपणाची नळी साखर तपासायला लागते, नळीवरचं नाव चुकलं तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती जाईल म्हणून आई ते पुन्हा पुन्हा वाचते, हे तिने जेवताना सांगून बघावं. मुलगी घास हातात धरून ऐकेल. मग आपणच विचारेल, "यासाठी काय शिकावं लागतं गं?" बारावी सायन्सनंतर डीएमएलटी हा लॅबच्या कामाचा डिप्लोमा करता येतो, हे त्या वेळी कानावर पडलं की पक्कं लक्षात राहतं.

कामातून शिकण्याची ही वाट शाळांनाही नवी नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यावर विश्वास ठेवून. तिथला अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती अशा कामांत घालवू लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावं, असं सुचवलं आहे. शाळा करेल तेव्हा करेल. घरी आज रात्रीच सुरुवात होऊ शकते.

म्हणून आज कामावरून येताना एक प्रसंग लक्षात ठेवा. चांगलंच तेवढं निवडू नका. रिक्षा चालवणाऱ्या बाबांनी दुपारचं ऊनही सांगावं आणि शहरातला बोळ न् बोळ कसा पाठ झाला, तेही. आपलं सांगून झालं की शेजारीपाजारी आहेतच. समोरच्या काकू पोस्टात असतील, वरच्या मजल्यावरचे काका महावितरणमध्ये लाइनमन असतील. मुलांना त्यांच्याकडे खुशाल धाडा. आपल्या कामाबद्दल कुणी आस्थेने विचारलं, तर माणसं भरभरून बोलतात.